आफ्रिकेतल्या आडवाटेच्या राजधान्या: पुण्याहून निघताना कामांचा क्रम

आफ्रिकेची सहल म्हटली की पुण्यातल्या बहुतेक सहल कंपन्यांची यादी मसाई माराला सुरू होते आणि केप टाऊनला संपते. मध्ये फार तर झांझिबार. लिलाँग्वे (मलावी), मासेरू (लेसोथो), अंतानानारिव्हो (मादागास्कर), लोमे (टोगो), विंडहुक (नामिबिया) ही नावं त्या यादीत क्वचितच येतात, त्यामुळे तिथे जायचं म्हटलं की सगळं आपलं आपणच जुळवावं लागतं. ते फार अवघड नाही. बिघडतं ते बहुतेक एकाच कारणाने: सेलमध्ये स्वस्त दिसलं म्हणून तिकीट आधी काढलं जातं आणि लस, व्हिसा, नोटा या गोष्टी त्याच्यामागे धावतात. क्रम उलटा हवा. आधी देश आणि तिथे जायचा हवाई मार्ग ठरवा, मग लस, मग व्हिसा, मग पक्कं तिकीट, आणि शेवटी पैसे. पहिल्या कामापासून विमानात बसेपर्यंत दहा आठवडे हाताशी ठेवा.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. या शहरांत चार दिवस 'बघण्यासारखं' शोधत बसलात तर कंटाळाल. इथली राजधानी हा प्रवासाचा तळ असतो. पैसे बदलणं, सिमकार्ड, परवाने, गाडी आणि चालक, औषधं ही कामं तिथेच नीट होतात, कारण पुढच्या गावात एटीएम असेलच असं नाही. सुरुवातीला दोन रात्री आणि परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस, एवढं राजधानीला द्या. शेवटचा दिवस चैनीचा नव्हे, गरजेचा. देशांतर्गत विमानं रद्द होतात, रस्ते वाहून जातात, आणि मुंबईचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

राजधानी नेमकी कोणती?

प्रश्न शाळेतल्या भूगोलाचा वाटेल, पण त्यावर हॉटेलचं बुकिंग अवलंबून असतं. आयव्हरी कोस्टची राजधानी १९८३ पासून यामुसुक्रो आहे, तरी आंतरराष्ट्रीय विमानं आणि दूतावास आबिदजानमध्येच आहेत. बेनिनची राजधानी पोर्तो-नोव्हो, पण सरकार चालतं कोतोनूमधून आणि विमानही तिथेच उतरतं. बुरुंडीने २०१९ मध्ये गितेगाला राजकीय राजधानी केलं, व्यवहार मात्र बुजुंबुरातच राहिला. एस्वातिनीत (पूर्वीचं स्वाझीलँड) प्रशासन एंबाबानेत, तर राजघराणं आणि संसद लोबांबात, पण दोन्ही गावं जवळ असल्याने तिथे फारसं अडत नाही. टांझानियाने १९७३ मध्ये दोदोमा ठरवलं आणि प्रत्यक्ष हलायला काही दशकं लावली. २०२४ पासून दार-ए-सलामहून दोदोमापर्यंत विजेवरची नवी रेल्वे धावते, त्यामुळे तिथे आता सहज जाता येतं. या सगळ्यातून घ्यायचं एवढंच, की नकाशावर तारा ज्या गावावर आहे तिथे मुक्काम बुक करण्याआधी विमान, बँक आणि भारतीय दूतावास कुठे आहेत ते बघा.

आपला दूतावास प्रत्येक देशात नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आफ्रिकेत १८ नवी दूतावास कार्यालयं उघडायला मंजुरी दिली. टोगो, एस्वातिनी, जिबूती, सिएरा लिओन, मॉरितानिया असे देश त्या यादीत होते. तरीही लेसोथोचं काम प्रिटोरियाहून आणि गाम्बियाचं सेनेगलमधल्या डकारहून चालतं. पासपोर्ट हरवला तर दुसऱ्या देशात जावं लागेल, आणि पासपोर्टशिवाय दुसऱ्या देशात जाता येत नाही. ही कोंडी फोडायला पासपोर्टच्या रंगीत प्रती, दोन फोटो आणि संबंधित दूतावासाचा आणीबाणीचा नंबर कागदावर लिहून पासपोर्टपासून वेगळ्या पिशवीत ठेवा.

मुंबईहून कोणत्या मार्गाने

पुण्याहून आफ्रिकेला थेट विमान नाही, सुरुवात मुंबईहूनच. लहान राजधान्यांसाठी सर्वांत उपयोगी जंक्शन म्हणजे अदिस अबाबा. इथिओपियन एअरलाइन्स तिथून खंडभर पसरते. लोमे हे तिच्या भागीदार असलेल्या आस्की या कंपनीचं केंद्र आहे, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या छोट्या राजधान्या तिथून जोडता येतात. दक्षिणेकडच्या मासेरू, विंडहुक, एस्वातिनीसाठी जोहान्सबर्ग हे जंक्शन.

नियम एकच पाळा: घरापासून शेवटच्या विमानतळापर्यंत सगळं एकाच पीएनआरवर. दोन वेगळी तिकिटं काढून आठ-दहा हजार वाचतात, पण पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही. शिवाय सामान मध्येच उचलून पुन्हा द्यावं लागतं, त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि इमिग्रेशन ओलांडायला त्या मधल्या देशाचा व्हिसा लागतो. जोहान्सबर्गला हीच गाठ बसते.

लेसोथो चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. रस्त्याने आत शिरलात की दक्षिण आफ्रिकेतून तुमची निर्गमनाची नोंद झाली, आणि परत यायचं तर पुन्हा दक्षिण आफ्रिकेतच यावं लागतं. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा 'मल्टिपल एंट्री' मिळवणं हे लेसोथोच्या सहलीचं पहिलं काम. अर्जासोबतच्या पत्रात जाण्या-येण्याच्या तारखा आणि सीमेवरच्या नाक्यांची नावं लिहा, आणि व्हिसा हातात पडल्यावर त्यावरची एंट्रीची संख्या तिथेच वाचा. सिंगल असेल तर मासेरूचा बेत रद्द समजा किंवा विमानाने ट्रान्झिट करा. एस्वातिनीलाही हेच लागू, फक्त तिथे मोझांबिककडून बाहेर पडायची वाट आहे.

पुण्याहून मुंबईच्या टर्मिनल दोनला जाताना घाटातली कोंडी धरून, विमानाच्या वेळेआधी किमान आठ तास घर सोडा. शुक्रवारी संध्याकाळी आणि सलग सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी नऊ.

यलो फीव्हर: या सगळ्यातला कळीचा कागद

यलो फीव्हर म्हणजे डासांमार्फत पसरणारा पीतज्वर. लस एकच, पण त्यात लोक तीन प्रकारे फसतात.

पहिला प्रकार तारखेचा. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच ती देतात आणि तिथेच पिवळी पुस्तिका मिळते. केंद्रांची यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. एका कुपीत पाच किंवा दहा डोस असतात आणि एकदा कालवलेली लस सहा तासांत संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारी, आधी नाव नोंदवून माणसं गोळा करतात. तुमचा नंबर कधी लागेल ते तुमच्या हातात नाही. शिवाय प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं. निघायच्या आधीच्या आठवड्यात घेतलेली लस कागदोपत्री बिनकामाची.

दुसरा प्रकार ट्रान्झिटचा. मादागास्कर, मलावी, नामिबिया हे यलो फीव्हरचे देश नाहीत, त्यामुळे 'आपल्याला लागत नाही' असं वाटतं. पण अदिस किंवा नैरोबीत बारा तासांहून जास्त थांबलात तर हे देश प्रमाणपत्र मागतात, कारण इथिओपिया आणि केनिया धोक्याच्या यादीत आहेत. भारताचा नियम परतताना लागतो. अशा देशातून प्रमाणपत्राविना आलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. विमानतळाच्या आवारातच राहिलेल्या ट्रान्झिट प्रवाशाला सूट आहे, तीही आरोग्य अधिकाऱ्याचं समाधान झालं तर. आता गंमत बघा: लांब थांबा असेल तर विमान कंपनी काही अटींवर अदिसमध्ये फुकट हॉटेल देते. ते हॉटेल विमानतळाबाहेर असतं. त्या रात्रीच्या झोपेपायी सूट गेली. म्हणून देश कुठलाही असो, अदिसमार्गे जाणाऱ्याने लस घ्यावीच. एकदा घेतली की २०१६ पासूनच्या नियमानुसार ती आयुष्यभर चालते, जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी.

तिसरा प्रकार पासपोर्टचा. पुस्तिकेवर पासपोर्ट नंबर असतो. मध्येच पासपोर्ट नवा केला तर जुना पासपोर्ट सोबत न्या, नाहीतर काउंटरवरचा माणूस दोन नंबर बघून अडवतो.

ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असणं, वय साठच्या पुढे, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गोवर-कांजिण्यांसारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने.

व्हिसा आणि इतर कागद

ई-व्हिसा देणाऱ्या देशांची संख्या वाढते आहे आणि त्यांच्या नावाने चालणारी दलालांची संकेतस्थळंही. सर्चमध्ये सर्वांत वर येणारी साइट बहुतेकदा सरकारी नसते. ती दुप्पट फी घेते आणि तुमचा अर्ज फक्त पुढे ढकलते. पत्त्याच्या शेवटी त्या देशाचा सरकारी डोमेन आहे का ते बघा, आणि शंका आली तर दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाच्या पानावरून दुव्याने जा.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने आणि कोरी पानं किमान तीन. या देशांत अजूनही पानभर शिक्के मारायची हौस आहे. ई-व्हिसाची छापील प्रत न्या. 'मोबाइलमध्ये आहे' हे उत्तर मासेरूच्या सीमेवरच्या पुलावर चालेल, मॉरितानियाच्या राजधानीत, नुआकशोतला, चालेलच असं नाही. मॉरितानियाने २०२५ पासून व्हिसा आधी ऑनलाइन घेणं सक्तीचं केलं आहे; 'उतरल्यावर मिळतो' ही जुनी माहिती अजून फिरते.

गाडी स्वतः चालवणार असाल तर पुणे आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. अर्जासोबत व्हिसा जोडायची अट २०२१ मध्ये काढली आहे, त्यामुळे व्हिसाची वाट बघायची गरज नाही. नामिबिया, लेसोथो, एस्वातिनी, मलावीत गाडी डावीकडून चालते, ही पुणेकरांची सोय. भाड्याची गाडी सीमेपार नेणार असाल तर गाडी ताब्यात घेतानाच कंपनीचं परवानगीपत्र मागा. त्याशिवाय नाक्यावरून परत पाठवतात.

पैसे

सगळ्यात जास्त त्रास इथे होतो, आणि तो पुण्यातल्या काउंटरवरच टाळता येतो.

डॉलरच्या नोटा स्वतः तपासून घ्या. शंभराची नोट निळ्या पट्टीची, म्हणजे २०१३ नंतर चलनात आलेली. कोपरा फाटलेला नको, पेनाची रेघ नको, बँकेचा छोटा शिक्काही नको. घडी जितकी कमी तितकं बरं. लिलाँग्वे किंवा अंतानानारिव्होतला दुकानदार नोट उजेडात धरून उलटसुलट बघतो आणि एका निळ्या टिंबापायी परत देतो. मनी चेंजर पुडकं देईल तेव्हा तिथेच एकेक नोट बघून नको ती बदलून मागा. थोडं तोंड वाकडं होईल, होऊ द्या. मोठ्या नोटांना भाव जास्त मिळतो, पण टॅक्सी आणि व्हिसा फीसाठी दहा-वीसच्या काही नोटा हव्यातच. एका प्रवासाला रोख परकीय चलन ३,००० डॉलरपर्यंतच घेता येतं, बाकी फॉरेक्स कार्डावर. काउंटरवर रोख रुपये ५०,००० पर्यंतच चालतात, त्यापुढे खात्यातून द्यावे लागतात.

कोणतं चलन न्यायचं ते दिशेवर ठरतं. पूर्वेला आणि मलावीत डॉलर. नामिबिया, लेसोथो, एस्वातिनीत दक्षिण आफ्रिकेचा रँड सरळ चालतो, कारण तिघांचीही चलनं रँडशी एकास एक बांधलेली आहेत. उलटं मात्र होत नाही: नामिबियन डॉलर किंवा लेसोथोचं लोटी त्या देशाबाहेर कोणी घेत नाही, म्हणून निघायच्या आधीच्या दिवशी सुटे पैसे मागताना 'रँडमध्ये द्या' म्हणा. पश्चिमेला युरो न्या. तिथला सीएफए फ्रँक युरोशी ६५५.९५७ या दराने बांधलेला असल्याने युरो बदलताना कापाकापी कमी होते. या फ्रँकची एक खोच आहे. टोगो, बेनिन, सेनेगल, आयव्हरी कोस्ट या बाजूचा फ्रँक वेगळा आणि कॅमेरून, गॅबन, चाड या बाजूचा वेगळा. किंमत तीच, नाव तेच, पण एकाच्या नोटा दुसरीकडे चालत नाहीत. लोमेहून गॅबनच्या लिब्रव्हिलला जाणाऱ्याने उरलेले फ्रँक लोमेतच संपवावेत.

शून्यांचाही घोळ असतो. मॉरितानियाने २०१८ मध्ये चलनातून एक शून्य काढलं, सिएरा लिओनने २०२२ मध्ये तीन शून्यं काढली. लोक मात्र बोलताना जुनेच आकडे वापरतात. मादागास्करमध्ये खेड्यात अजून जुन्या फ्रँकमध्ये भाव सांगतात, म्हणजे आरियारी या आजच्या चलनाच्या पाचपट. भाव ऐकून दचकू नका आणि लगेच देऊही नका. 'नवे की जुने?' असं विचारा आणि आकडा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाइप करून दाखवायला सांगा.

कार्डांमध्ये व्हिसा सगळ्यात जास्त चालतं, फ्रेंच भाषिक देशांत तर विशेषच. रुपेच्या भरवशावर राहू नका. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आणि एटीएम हे दोन्ही पर्याय निघण्याआधी चालू करा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तेव्हा तुमच्या कंपनीचं रोमिंग त्या देशात आहे की नाही ते आधी बघा. लिलाँग्वेत आणि अंतानानारिव्होत एअरटेलचे लाल फलक दिसून हायसं वाटेल, पण तिथलं सिम वेगळं, पासपोर्ट दाखवून नोंदवावं लागतं.

काळ्या बाजारात दर बराच जास्त मिळतो, मलावी आणि बुरुंडीत तर अधिकृत दराच्या कितीतरी वर. हे बेकायदा आहे, आणि रस्त्यावरचा बदली करणारा गठ्ठ्याच्या मधोमध लहान नोटा भरतो. दराचा मोह टाळा.

पाच राजधान्या, जरा जवळून

*विंडहुक.* संपूर्ण नामिबियाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुण्यात त्याहून जास्त माणसं राहतात, आणि देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा. विमानतळ शहरापासून ४५ किलोमीटरवर, त्यामुळे गाडी विमानतळावरच ताब्यात घ्या. शहरात १९१० चं क्रिस्टुसकिर्के हे चर्च आणि समोरचं, २०१४ मध्ये उघडलेलं, उत्तर कोरियाच्या कंपनीने बांधलेलं स्वातंत्र्य संग्रहालय अर्ध्या दिवसात होतं. उरलेला अर्धा दिवस खरेदीला द्या: पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन, सुका खाऊ, टायरमधली हवा मोजायचं यंत्र. रविवारी बरीच दुकानं लवकर बंद होतात.

खरा विषय आहे खडीचा रस्ता. वाळूच्या टेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोसुसव्लेचं प्रवेशद्वार सेस्रिएम सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे आणि त्यातला बराच भाग खडीचा. डांबरावर ३२ ते ३५ पीएसआय हवा असते, ती खडीवर २६ ते २८ करा. कडक टायर खडीवर घसरतो आणि टोकदार दगडाने कापला जातो. कायद्याने शंभरचा वेग चालत असला तरी ऐंशीच्या वर जाऊ नका. इथले अपघात समोरासमोरच्या धडकेपेक्षा गाडी एकटीच उलटून होतात: चालक खड्डा चुकवायला स्टिअरिंग झटकतो, मागचा भाग फिरतो आणि गाडी कोलमडते. खड्ड्यातून गेलात तरी चालेल, झटका देऊ नका. विम्याच्या कागदावर टायर, काच, गाडीचा तळ आणि 'उलटणे' हे चार शब्द शोधा. साध्या विम्यात ते बहुधा वगळलेले असतात. दोन स्टेपन्या मागून घ्या आणि जॅक चालतो का ते त्यांच्या अंगणातच लावून बघा. सूर्यास्तानंतर गाडी चालवू नका. कुडू नावाचं मोठं हरीण दिव्यांना बुजून थेट बोनेटवर येतं. सेस्रिएमला उद्यानाच्या आतला मुक्काम महाग असला तरी घ्या: आतल्यांना बाहेरच्यांच्या तासभर आधी वाळूच्या टेकड्यांकडे सोडतात. डांबर संपल्यावरचे शेवटचे चार-पाच किलोमीटर मऊ वाळूचे आहेत. वाळूतल्या फोर-बाय-फोरची सवय नसेल तर तिथली शटल घ्या, कारण दर सकाळी तिथे एखादी रुतलेली भाड्याची गाडी दिसतेच.

*मासेरू.* सबंध देश समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर असलेला हा जगातला एकमेव. सीमेवरचा मासेरू ब्रिज नाका चोवीस तास उघडा असतो. शहर एका दुपारचं. मोकोरोत्लो या गवती टोपीच्या आकाराची इमारत, किंग्जवेचा रस्ता, आणि शहराबाहेर पंचवीसेक किलोमीटरवर थाबा बोसिउ, म्हणजे १८२४ मध्ये मोशोएशोए पहिला याने जिथे आपलं ठाणं वसवलं तो सपाट माथ्याचा डोंगर. गडकोट फिरणाऱ्या पुणेकराला तो डोंगर समजावून सांगावा लागणार नाही. पुढे सेमोनकाँगला मालेत्सुन्याने धबधबा, १९२ मीटर. मासेरूहून सुमारे तीन तास. जून ते ऑगस्टमध्ये रात्री शून्याखाली जातात, बर्फही पडतं, तेव्हा 'आफ्रिका म्हणजे ऊन' असं समजून फक्त सुती कपडे नेऊ नका. सानी पासच्या २,८७६ मीटरच्या खिंडीतून यायचं असेल तर फोर-बाय-फोरशिवाय नाक्यावर सोडत नाहीत.

*अंतानानारिव्हो.* लोक 'ताना' म्हणतात. डोंगरांवर चढत गेलेलं शहर, जिने आणि चिंचोळे रस्ते, आणि त्यात फिरणाऱ्या पिवळसर रंगाच्या जुन्या रेनॉ ४ आणि सित्रोएँ टॅक्सी. मीटर नाही, भाडं बसायच्या आधी ठरतं. चालक पहिल्या पेट्रोल पंपावर थांबून थोडे पैसे आगाऊ मागतो आणि तेवढंच पेट्रोल भरतो. ही फसवणूक नव्हे, रीत आहे, शेवटी ती रक्कम वजा करा. उतारावर तो इंजिन बंद करतो, तेही रीतीला धरूनच. सर्वांत मोठी नोट २०,००० आरियारीची, त्यामुळे शंभर डॉलर बदलले की वीसहून जास्त नोटा हातात येतात. मोठी रक्कम बदलायची तर बँकेत किंवा विमानतळावर, पिशवीत भरूनच बाहेर पडा. अंधार पडल्यावर पायी फिरू नका, आनालाकेलीच्या बाजारात दिवसाही मोबाइल खिशातच. रोव्हा हा राणीचा वाडा १९९५ च्या आगीत जळाला होता, टेकडीवरून शहराचा अंदाज घ्यायला तिथे जा. २० किलोमीटरवरचं अंबोहिमांगा हे जुनं राजठाणं मात्र चुकवू नका.

इंद्री हा माकडासारखा दिसणारा लेमूर बघायला आंदासिबेचं जंगल सुमारे दीडशे किलोमीटर, ट्रकांच्या गर्दीमुळे चार तास धरा. इंद्रीची हाळी सकाळीच ऐकू येते, त्यामुळे आदल्या रात्री तिथेच मुक्काम हवा. स्थानिक गाइड घ्यावाच लागतो. जानेवारी ते मार्च वादळांचा काळ, तेव्हा जाऊच नका. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे लष्कराने सत्ता हाती घेतली, त्यामुळे तिकिटाआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा. नाश्त्याला रस्त्यावर मोफो गासी मिळतात. तांदळाच्या पिठाचे, किंचित गोड, गोल साच्यात कोळशावर केलेले, थेट आपल्या आप्प्यांसारखे. शाकाहारी माणसाची सकाळ सुटली.

*लिलाँग्वे.* १९७५ मध्ये झोम्बाहून राजधानी इथे आली. पत्ता 'एरिया ३', 'एरिया ४७' असा असतो आणि एरिया ३ च्या शेजारी ४ असेल असं अजिबात नाही. टॅक्सीवाल्याला एरियाबरोबर जवळची खूण सांगा. जुनं गाव आणि सरकारी भाग यांच्यामध्ये झाडीचा मोठा पट्टा आहे, तो पायी ओलांडू नका. डिझेल-पेट्रोलचा तुटवडा अधूनमधून असतो, म्हणून गाडी ठरवताना 'टाकी भरून आणा' ही अट घाला. मलावी तळ्याकाठी सेंगा बे दोन तासांवर, केप मॅक्लिअर पाचेक तासांवर. तळ्याच्या पाण्यात बिलहार्झिया या रोगाचा जंतू आहे, तो कातडीतून शरीरात शिरतो. वेळूच्या झुडपांत आणि उथळ काठाला उतरू नका, आणि पोहलात तर त्याची चाचणी परतल्यावर करायची आहे.

*लोमे.* शहराचा पश्चिम कडा म्हणजेच घानाची सीमा. हॉटेलच्या गच्चीवरून दुसरा देश दिसतो, पण व्हिसाशिवाय पलीकडे चहा पिता येत नाही. यलो फीव्हरचं प्रमाणपत्र इथे सर्वांनाच लागतं. शहरात मोटारसायकल टॅक्सी, झेमिदजान, हेच मुख्य वाहन. भाडं आधी ठरवा, हेल्मेट मागा, किंवा २०१८ मध्ये इथेच सुरू झालेलं गोझेम ॲप वापरा म्हणजे घासाघीस टळते. मोठ्या बाजारात छापील 'वॅक्स' कापडाचे ठेले बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत या कापडाच्या व्यापारावर इथल्या बायका इतक्या श्रीमंत झाल्या की मर्सिडीजमधून फिरायच्या, आणि त्यांना नावच 'नाना बेंझ' पडलं. कापड सहा यार्डांच्या तुकड्यात विकतात, अर्धं मागितलं तरी देतात. समुद्र सुंदर दिसतो, पण पाण्याची ओढ आत खेचणारी आहे. पोहू नका, आणि सूर्यास्तानंतर वाळूवर थांबू नका. दोन दिवस जास्त असतील तर १२० किलोमीटरवरचं कपालिमे गाठा: कॉफी-कोकोच्या बागा, धबधबे, थंड हवा. उत्तरेच्या सवान प्रांतात मात्र सशस्त्र हल्ल्यांमुळे २०२२ मध्ये आणीबाणी लागू झाली, तिकडे जाऊ नका.

बाकीच्या काहींबद्दल थोडक्यात. सिएरा लिओनच्या राजधानीचा, फ्रीटाऊनचा, विमानतळ खाडीच्या पलीकडे लुंगीला आहे, शहरात बोटीने जावं लागतं, आणि येताना व जाताना प्रत्येकी २५ डॉलरची सुरक्षा फी ऑनलाइन भरावी लागते. जिबूतीला नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. समुद्रसपाटीखाली १५५ मीटरवरचं असाल सरोवर उन्हाळ्यात भाजून काढतं. एरिट्रियाची राजधानी अस्मारा देखणं शहर, त्याचा मध्यभाग २०१७ पासून जागतिक वारशात आहे, पण शहराबाहेर जायला परवाना लागतो, परदेशी कार्ड चालत नाही, आणि इथिओपियन एअरलाइन्सने सप्टेंबर २०२४ मध्ये तिथली सेवा थांबवली होती. जे लोक जुन्या माहितीवर अदिसमार्गे आखणी करतात ते तिथेच अडकतात. रवांडाच्या किगालीत महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी श्रमदान असतं, तेव्हा गाड्या जवळजवळ थांबतात. त्या सकाळी विमान पकडायचं तर हॉटेलला आधी सांगा.

बॅग भरताना

नामिबिया, लेसोथो, एस्वातिनीतली सॉकेटं जाड तीन पिनांची, आपल्या गिझरच्या १६ अँपिअरच्या प्लगचीच. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत १६ अँपिअर पिनेवर ६ अँपिअर बसवायचा कन्व्हर्जन प्लग मिळतो. तोच न्या, विमानतळावरच्या महागड्या अडॅप्टरची गरज नाही. मलावी, सिएरा लिओन, गाम्बियात ब्रिटिश चौकोनी पिना. टोगो आणि मादागास्करमध्ये आपले दोन पिनांचे चार्जर बसतात.

कपडे आणि खाऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नका. रवांडा, केनिया, टांझानियात त्यांवर बंदी आहे आणि विमानतळावर बॅगा उघडून काढून घेतात. कापडी पिशव्या किंवा चेनचे कप्पे वापरा.

शाकाहारी मंडळींना इथिओपियात सोपं, बुधवार-शुक्रवारी उपासाचं जेवण असतं आणि त्यात डाळी-भाज्याच असतात. मलावीत न्सिमा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि घेवडा-पालेभाजी, लेसोथोत पापा (तशीच उकड) आणि मोरोहो (पालेभाजी). पश्चिम आफ्रिकेत मात्र भाजीच्या रश्शातही सुकी मासळी किंवा मांसाच्या अर्काची मसाला-वडी घालतात, आणि 'मांस नको' म्हटलं तर तुकडे काढून रस्सा वाढतात. तिथे तळलेली केळी, अंडं, पाव, घेवडा आणि गारी (कसावा या कंदाचा रवा) यांवर भागवा, आणि मेतकूट, चटणी, तयार उपम्याची पाकिटं सोबत ठेवा.

औषधं, जाताना आणि आल्यावर

विंडहुक आणि मासेरूत मलेरिया नाही. लिलाँग्वे, लोमे, फ्रीटाऊन या ठिकाणी आहे, आणि तो फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्या. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस, डॉक्सिसायक्लिन परतल्यावर अठ्ठावीस दिवस. लोक घरी आल्यावर 'आता काय' म्हणून गोळ्या सोडतात, आणि यकृतातून उशिरा बाहेर पडणारे जंतू तिथेच संधी साधतात. त्यामुळे परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून दोन दिवस वाट पाहू नका. त्याच दिवशी मलेरियाची रक्त तपासणी करा आणि डॉक्टरांना देशाचं नाव सांगा, कारण पुण्यातल्या तापाच्या साथीत ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. मलावीच्या तळ्यात पोहला असाल तर बिलहार्झियाची चाचणी सहा ते बारा आठवड्यांनंतर करा. त्याआधी केली तर खोटी निगेटिव्ह येते.